उठताना, वळताना, उतरताना: कामाच्या जागी पाय कसे सांभाळावेत

कामावर पायाला इजा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पायावर काहीतरी जड पडणं, तेलावरून घसरणं किंवा यंत्रात पाय सापडणं. पण कितीतरी दुखापतींत यातलं काहीच घडलेलं नसतं. माणूस खुर्चीतून उठतो, शेजारच्या फळीवरचं खोकं घ्यायला वळतो, गाडीच्या पायरीवरून खाली पाय टाकतो आणि गुडघ्यात कळ येते किंवा घोटा दुमडतो. जमीन कोरडी असते, बूट ठीक असतात, कुणी धक्का दिलेला नसतो. नोंदवहीत ‘पाय मुरगळला’ एवढं लिहून विषय संपतो आणि काही दिवसांनी त्याच कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचा तरी पाय जातो.

अशा दुखापती नीट तपासल्या की एक गोष्ट सारखी सापडते: दोन हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात. उठता उठता वळणं. उतरता उतरता मागे बघून बोलणं. उचलता उचलता बाजूला झुकणं. यातली प्रत्येक हालचाल एकेकटी असेल तर निरोगी सांधा ती दिवसातून शेकडो वेळा पेलतो. दोन्ही एकदम आल्या की सांध्यावर असा ताण पडतो, ज्यासाठी त्याची रचनाच नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा पाया एकच आहे: एक हालचाल पुरी होऊ द्या, मग दुसरी सुरू करा.

वळताना: आधी पाय, मग खांदे

गुडघा पूर्ण ताठ असताना जवळजवळ कुलूपबंद असतो, त्यात फिरायला जागा नसते. तो थोडा वाकला की नडगीचं हाड मांडीच्या हाडाखाली काही अंश फिरू शकतं. या दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा वाकलेला, त्यावर शरीराचा भार आणि वरचं धड मात्र दुसऱ्या दिशेला वळतंय, अशा वेळी गादी दोन हाडांच्या मध्ये चिमटली जाते आणि पिळली जाते. चाळिशीनंतर ही गादी कोरडी आणि ठिसूळ होत जाते, त्यामुळे खाली बसून नुसतं वळत उठण्यानेही ती फाटू शकते. हातात ओझं असण्याची गरज नसते.

वळण्याची बरोबर पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. नाक ज्या दिशेला, त्याच दिशेला पायाची बोटं. डावीकडे जायचं असेल तर आधी डावी टाच उचलून डावं पाऊल तिकडे वळवून ठेवा, उजवं पाऊल मागून आणा, धड आपोआप येतं. ९० अंशांच्या वळणाला २ ते ३ छोटी पावलं लागतात. घाई असते तेव्हा नेमकी हीच पावलं गाळली जातात.

पण माणसाला दिवसभर ‘पावलं टाका’ सांगून फारसा उपयोग होत नाही. जागेची मांडणीच अशी करावी की पाऊल टाकावंच लागेल. एक टेबल समोर आणि दुसरं अगदी बाजूला, हाताच्या अंतरावर असेल, तर कुणीही पाय न हलवता कमरेतून आणि गुडघ्यातून वळून वस्तू ठेवणार. दुसरं टेबल सुमारे १ मीटर दूर सरकवा. आता न चालता तिथे हात पोचत नाही, म्हणून पाय आपसूक हलतात. जागा जवळ असली म्हणजे श्रम वाचतात, हा समज या एका बाबतीत फसवा आहे. एकतर दोन्ही जागा समोरासमोर, वळावंच लागणार नाही अशा ठेवा. नाहीतर स्पष्टपणे दूर ठेवा. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

पायाखाली काय आहे तेही बघा. नवा रबरी तळवा आणि खडबडीत रबरी चटई यांची पकड इतकी घट्ट असते की पाऊल जमिनीवर फिरतच नाही. जे फिरायचं ते गुडघ्याला फिरावं लागतं. घसरू नये म्हणून पकड हवीच, पण तिथे उभं राहून वळण्याचं काम असेल तर पाऊल उचलून वळण्याची सवय दुपटीने महत्त्वाची ठरते. सारखं वळावं लागतं तिथे पाय अडकवणाऱ्या वायर, होज, पॅलेटचे कोपरे ठेवू नका. पाऊल टाकायला जागा नसली की माणूस आहे तिथेच पिळतो.

उतरताना: घोट्याचा सगळ्यात नाजूक क्षण

चढताना दम लागतो, पण दुखापत उतरताना होते. गुडघ्यात बसवलेल्या मोजणी-उपकरणांवरून असं दिसलं आहे की सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. घोट्याचं कारण आणखी वेगळं आहे. घोट्यातलं हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असतं. पाऊल वर वळलेलं असताना त्याचा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. खाली उतरताना आपण चवडाच आधी टेकतो. म्हणजे सांधा सगळ्यात सैल असताना त्यावर सगळा भार येतो. अशा वेळी पावलाचं टोक जरा आत वळलं, तर बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, ताणला किंवा फाटला जातो. घोटा मुरगळण्याचा हाच सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. हे सगळं पाव सेकंदाच्या आत घडतं. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून सावध राहणं पाऊल टाकण्याच्या आधी हवं.

ट्रक, फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर किंवा कुठल्याही उंच आसनावरून उतरताना तोंड गाडीकडे ठेवा. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार प्रत्येक क्षणी टेकलेले असू द्या. हातात मोबाइल, बाटली, कागद काहीही नको. ते आधी आसनावर किंवा पायरीवर ठेवा, खाली उतरून मग उचला. शेवटच्या पायरीवरून उडी मारू नका. ती पायरी ४० सेंटिमीटर उंच असली तरी पाय ताठ ठेवून टाकलेली उडी वजनाच्या कित्येक पट धक्का टाच, घोटा आणि गुडघ्यात पोचवते. त्यातून तासन्‌तास बसून पाय आखडलेले असतात आणि खाली खडा आहे की खड्डा हे पाय टेकल्यावरच कळतं. शेवटचं पाऊल टेकवा, पुरतं भार घेईल याची खात्री करा, मग हात सोडा आणि मगच वळा. इथेही तोच नियम: उतरणं संपल्याशिवाय वळणं नाही.

जिन्याबद्दल एक गोष्ट फार कमी ठिकाणी तपासली जाते. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय उंची शिकून घेतो आणि पुढच्या पायऱ्या न बघता उतरतो. मध्येच एखादी पायरी वेगळ्या उंचीची आली की पाऊल हवेत राहतं किंवा लवकर आपटतं. टेप घेऊन प्रत्येक पायरी मोजा. एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीतला फरक १ सेंटिमीटरहून कमी असला पाहिजे. नंतर फरशी टाकल्यामुळे पहिली किंवा शेवटची पायरी हमखास चुकलेली सापडते. दुरुस्ती होईपर्यंत तिच्या कडेला ठळक पट्टी लावा आणि कठड्याला हात लावूनच उतरा.

सपाट जमिनीवरही असंच. चालताना पुढे येणारा पाय जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वर असतो. म्हणून १ सेंटिमीटर उचललेली फरशीची कड किंवा चटईचं गुंडाळलेलं टोक पुरेसं आहे. चटईच्या कडा उतरत्या हव्यात. मोठा खड्डा डोळ्यांना दिसतो आणि माणूस तो टाळतो. ही लहानशी कड मात्र पायालाच लागते.

खाली वाकून, उकिडवं बसून, गुडघे टेकून

फरशी, गवंडीकाम, वायरिंग, नळजोडणी, वाहनदुरुस्ती, गोदामातली खालची फळी, लहान मुलांची देखभाल: या कामांत गुडघे सतत दुमडलेले असतात. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या वाटीवर येणारा दाब वजनाच्या कित्येक पट असतो. तरी बसण्यापेक्षा धोका उठण्यात जास्त आहे.

उठण्याचा क्रम असा ठेवा. उकिडवे असाल तर आधी एक गुडघा जमिनीला टेका. दुसऱ्या पायाचं पूर्ण पाऊल, टाचेसकट, समोर सपाट ठेवा. हात त्या मांडीवर किंवा जवळच्या पक्क्या वस्तूवर दाबा. सरळ वर या, धड समोर ठेवून. दोन्ही पायांवर भार आल्यावर एक श्वास थांबा. मग वळा. कुणी मागून हाक मारली तरी हा क्रम मोडू नका. हाकेला ओ देत वळून उठणं हे गुडघ्यातली गादी फाटण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

बसण्याचे नियम थोडे आहेत. १० ते १५ मिनिटांच्या वर एकाच स्थितीत राहू नका. मिनिटभर उभे राहा, पाय सरळ करा. काम जमिनीलगतचं आणि बराच वेळ चालणारं असेल तर २० ते ३० सेंटिमीटर उंचीचं पक्कं स्टूल वापरा. गुडघा पूर्ण दुमडण्यापासून वाचतो. गुडघे टेकायचे असतील तर जाड पॅड बांधा, आणि त्याचा मागचा पट्टा गुडघ्याच्या खोबणीत रुतणार नाही एवढा सैल ठेवा. नुसत्या कठीण जमिनीवर रोज गुडघे टेकल्याने वाटीच्या पुढची पाण्याची पिशवी सुजते: वाटीवर मऊ, गोलसर फुगवटा दिसतो. तो लाल, गरम झाला किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग असू शकतो. तो फोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लांब वेळ उकिडवं बसण्याचा आणखी एक परिणाम क्वचित होतो, पण माहीत असावा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक नस, म्हणजे मज्जातंतू, हाडाला लागून जाते. ती तासन्‌तास दबली की पाऊल वर उचलता येईनासं होतं आणि चालताना चवडा जमिनीवर घासतो. याला वेदना फारशी नसते म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पाऊल उचलता येत नसेल तर ते थकव्याचं लक्षण समजू नका, डॉक्टरांकडे जा.

बसून काम करणाऱ्यांनाही

एका पायावर दुसरा पाय टाकून किंवा पाय खाली दुमडून बसलात की पाय बधिर होतो, मुंग्या येतात. मग फोन वाजतो, माणूस ताडकन उठतो आणि ज्या पायाची जाणीवच नाही त्यावर भार टाकतो. तो पाय कडेवर पडतो आणि घोटा मुरगळतो. मुंग्या आल्या असतील तर उठायच्या आधी बसल्या जागी पाऊल २० वेळा वर-खाली करा, बोटं जमिनीवर दाबून जाणीव परत आल्याची खात्री करा. चाकांच्या खुर्चीतून उठताना पुढे सरकून बसा, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे आणि सपाट ठेवा, खुर्चीचे हात दाबून वर या. चाकाच्या दांड्यात पाय अडकवून बसण्याची सवय मोडा.

तासाभरात एकदा उठून दोन मिनिटं चाला. दिवसभर उभं राहणाऱ्यांनी उलट करावं: १० ते १५ सेंटिमीटर उंच पायठेव घेऊन पाय आलटूनपालटून त्यावर ठेवावा. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुई टोचल्यासारखं होत असेल, तर तळव्याचा जाड पडदा दुखावला आहे. बूट आणि जमीन दोन्ही तपासायची वेळ झाली.

बूट घेताना बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दिवस चढत जातो तसे पाय थोडे सुजतात, म्हणून दुपारनंतर मापा. बूट हातात धरून वाकवा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर नको. टाचेमागची बाजू दाबून बघा, ती सहज चेपली जाऊ नये. जुना बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच बाहेरच्या बाजूने झिजून बूट कललेला असेल, तर प्रत्येक पाऊल घोटा मुरगळण्याच्या दिशेने पडतंय. नाडी न बांधता बूट चपलेसारखा घालणं हेही तेवढंच धोक्याचं.

दुखापत झाल्यावरचे पहिले दोन दिवस

काम लगेच थांबवा. ‘चालून चालून मोकळं होईल’ हा सल्ला घोट्याच्या ताज्या मुरगळीला लागू नाही. बूट सैल करा. पाय छातीच्या पातळीहून वर ठेवून झोपा. बर्फ पातळ ओल्या कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा, दर २ ते ३ तासांनी. थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा, बोटं उघडी ठेवा. बोटाचं नख दाबून सोडल्यावर रंग २ सेकंदांत परत आला पाहिजे. बोटं थंड, निळसर किंवा बधिर झाली तर बँडेज सैल करा. झोपताना ते काढून ठेवा.

पहिले ४८ ते ७२ तास शेक, जोरात चोळणं आणि दारू टाळा. तिन्हींमुळे सूज वाढू शकते. ‘मुरगळलेला पाय ओढून बसवणं’ कधीही करू देऊ नका. हाड मोडलेलं असेल तर तुकडे सरकतात.

एक्स-रे कधी लागतो हे ठरवायला १९९२ साली प्रसिद्ध झालेले ऑटावा नियम जगभर वापरले जातात. घोट्याजवळ दुखत असेल, आणि बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर हाडातच दुखत असेल, तर एक्स-रे करावा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर तिथे बाहेरच्या कडेवरचा उंचवटा आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड याच प्रकारे दाबून बघा. दोन्ही प्रकारांत, दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही ४ पावलं चालता आलं नसेल, तरीही एक्स-रे करावा. लंगडत टाकलेली पावलंही धरतात. पाय आधीच बधिर असेल किंवा माणूस नशेत असेल तर या चाचणीवर विसंबू नका.

गुडघ्यात सुजेची वेळ बरंच सांगते. दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्तस्राव झालेला असतो. आतला मोठा अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादी फाटल्याची शक्यता जास्त. गुडघा अडकला, पूर्ण सरळ होईना, तर जोर लावून सरळ करू नका, लगेच अस्थितज्ज्ञांकडे जा.

पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं आणि वळून बघितलं तर कुणीच नाही, तर स्नायू किंवा टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, फाटलेली असते. माणसाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी दाबा. पाऊल खाली झुकलं पाहिजे. ते हललंच नाही तर कंडरा तुटली आहे. अशी माणसंही थोडीफार चालू शकतात, म्हणून ‘चालतोय ना’ यावर समाधान मानू नका.

आणि एक: कुठलाही झटका आठवत नसताना एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, विशेषतः बराच काळ बसून राहिल्यावर, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक क्षणही थांबू नका.

कामावर परत कधी

दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला, असं धरून लोक परततात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. साधी मुरगळ १ ते २ आठवड्यांत दुखायची थांबते, पण अस्थिबंध मजबूत व्हायला ६ ते १२ आठवडे लागतात. शिवाय पाऊल कसं पडलंय हे मेंदूला सांगणारी जाणीव मंदावलेली असते. ती सरावानेच परत येते.

दोन-तीन दिवसांनी, दुखणं सोसवेल तेवढंच, हवेत पायाच्या अंगठ्याने अक्षरं काढायला लागा. भार पेलू लागला की भिंतीजवळ एका पायावर उभं राहा, १० सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत, दिवसातून ५ वेळा. मग टाचा उचला: दोन्ही पायांवर १० वेळा, ३ फेऱ्या, जमलं की एका पायावर. दुखऱ्या पायावर ३० सेकंद तोल, १० वेळा टाच उचलणं आणि कठड्याला न धरता जिना उतरणं, या तिन्ही गोष्टी निर्धोक जमेपर्यंत शिडी, उंच गाडी आणि असमान जमीन टाळावी. तोलाचा सराव त्यानंतरही दीड-दोन महिने चालू ठेवा.

वरिष्ठांनी ‘हलकं काम द्या’ एवढंच लिहून चालत नाही. शिडी नाही, उकिडवं बसणं नाही, ओझं किती किलोपर्यंत, सलग उभं राहणं किती मिनिटं, हे कागदावर असावं.

आणि नोंदवहीत ‘पाय मुरगळला’ लिहू नका. कोणता पाय, कामाची पाळी सुरू होऊन किती वेळ झाला होता, पायाखाली काय होतं, पायरी किंवा कड किती सेंटिमीटर होती, हातात काय होतं, नजर कुठे होती आणि त्या क्षणी कोणत्या दोन हालचाली चालू होत्या, हे त्याच दिवशी माणसाला विचारून लिहा. थोडक्यात निभावलेले प्रसंगही त्याच पानावर लिहा. मग नोंदी हातात घेऊन त्या जागेवर जा आणि टेप लावून मोजा.